गोपिकाबाईंची करवंदाची जेली

मानेवाड्याच्या पुढे रिंग रोड ओलांडला की ले-आउटच्या रिकाम्या प्लॉटांत अजून म्हशी बसलेल्या दिसतात. तिथेच गोपिकाबाई रेवतकरांचं दोन खोल्यांचं घर आहे. दारावर पाटी त्यांच्या नवऱ्याच्या, रामाजींच्या नावाची. पण कोणी पत्ता विचारला तर किराणावाला सांगतो, "जेलीवाल्या बाईचं घर का? सरळ जा."

जेली ही काही गोपिकाबाईंच्या माहेरची चीज नव्हती. काटोलजवळच्या खेड्यात त्यांचा भाऊ बाबाराव संत्र्याची बाग करतो. बागेच्या धुऱ्यावर करवंदाचं काटेरी कुंपण आहे. त्या करवंदांचं लोणचं घालायचं, बाकीची पाखरांना सोडायची, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक. लग्न होऊन नागपूरला आल्या. रामाजी गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला, सुशील हा एकुलता मुलगा शाळेत, आणि दुपारचं रिकामं घर अंगावर यायचं. तेव्हा शेजारणीच्या नादानं त्या फळं टिकवण्याच्या सरकारी वर्गात जाऊ लागल्या. शिकवायला अरुंधतीबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या, शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "फडकं पिळायचं नाही. रस आपोआप गळू द्यायचा. ज्यांना धीर नाही त्यांनी जाम करावा, जेलीच्या वाटेला जाऊ नये."

गोपिकाबाईंना धीर होता. पांढऱ्यावर गुलाबी लाली चढलेली, अजून कडक असलेली करवंदं त्या निवडायच्या. हाताला तेल लावून देठ काढायचे, नाहीतर चीक बोटांना धरून बसतो. मऊ होईतो शिजवायची, मलमलच्या फडक्यात बांधून दिवसभर टांगायची. खालच्या गंजात थेंब थेंब रस पडत राहायचा, काचेसारखा स्वच्छ. मग जेली बसेल का ते कळायला चमचाभर रसात स्पिरिट घालून पाहायचं. गोळा धरला तर ठीक, चिंध्या झाल्या तर फळ जास्त पिकलेलं. साखर आणि लिंबू घालून रस उकळायला ठेवला की त्या कोणाशी बोलत नसत. डाव उचलून तिरपा धरायचा. थेंब वेगवेगळे पडले तर वेळ आहे. दोन थेंब काठावर एकमेकांना धरून पापुद्र्यासारखे खाली आले की गॅस बंद. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्या, वर पातळ मेणाचा थर, मग झाकण. लाल, आरपार दिसणारी जेली. बाटली हलवली की नुसती थरथरायची.

बचत गटाच्या प्रदर्शनात त्यांच्या बाटल्या दुपारपर्यंत संपायच्या. पण पहिला चमचा मात्र सुशीलचा. तो लहान होता तेव्हापासूनचा हा रिवाज होता. पुढे तो बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, श्वेता घरात आली, तरी करवंदाच्या दिवसांत तो शिफ्टहून आला की आधी ओट्यापाशी यायचा. चमचा चाटून म्हणायचा, "जमली." एवढंच. गोपिकाबाईंना तेवढं पुरायचं.

एका पावसाळ्यात त्यानं चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"आई, यंदा झोंबते वं जेली."

"झोंबते? कुठी झोंबते?"

"तोंडाले. आंबट जास्त झाली तुही."

गोपिकाबाईंना ते लागलं. त्यांनी स्वतः चाखून पाहिली, श्वेताला दिली, शेजारी वाटीभर पाठवली. सगळ्यांनी नेहमीसारखीच आहे म्हणून सांगितलं. पण पोराचं तोंड खोटं कसं बोलेल? पुढच्या घाण्याला त्यांनी लिंबू वगळलं. तरी त्याला झोंबलीच. दुसऱ्या वर्षी बाबारावला फोन करून त्यांनी करवंदं आणखी पिकलेली मागवली आणि साखर वाढवली. जेली बसेचना. बाटलीत काकवीसारखं काहीतरी हिंदकळत राहायचं. प्रदर्शनातली नेहमीची एक बाई बाटली परत घेऊन आली. "काकू, ही तर पोळीवरून पळते," म्हणाली. गोपिकाबाईंनी बाटली घेतली. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

त्या दोन वर्षांत घरातलं तिखटही हळूहळू कमी होत गेलं होतं. सुशीलला ठेचा नको, वांग्याच्या भाजीत मिरची कमी, चहा निववून. श्वेता तशी तशी करत गेली. काहून, म्हणून कोणी विचारलं नाही. कारखान्यातून दमून येतो, पित्त झालं असेल, असं ज्यानं त्यानं आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी गोपिकाबाईंनी अरुंधतीबाईंना फोन लावला. बाई आता निवृत्त होत्या, धरमपेठेत राहायच्या, पण आवाज तसाच खणखणीत.

"बाई, जेली बसूनच नाही राहिली. आंबट कमी केलं, साखर वाढवली, तरी पातळच्या पातळ."

"अगं गोपिका, आंबटपणा काढलास तर ती बसेल कशी? तुला काय हे नव्यानं सांगायला हवं? कमी केलंस कशासाठी?"

"झोंबते म्हंते न बाई."

"कोण म्हणतं?"

"पोरगा माहा. सुशील."

"आणखी कोणाला झोंबते?"

"नाही. त्यालेच."

मग बाईंनी विचारलं, "तो तंबाखूचा खर्रा खातो का गं?"

"खाते. जेवण झाल्यावर एखादा. सगळेच खातेत न बाई इकडे."

"जेलीला काही झालेलं नाही, गोपिका. तू त्याचं तोंड बघ. आजच बघ."

फोन ठेवून गोपिकाबाई बाहेर आल्या. सुशील पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता.

"आ कर."

"काय वं आई, लहान आहो का मी?"

"आ कर म्हणून राहिली न."

त्यानं हसून तोंड उघडलं. ते दोन बोटांपुरतंच उघडलं. गोपिकाबाईंना वाटलं, थट्टा करतो आहे. "पुरा उघड," त्या म्हणाल्या. त्याचं हसू गेलं. "एवढंच उघडते," तो म्हणाला. त्यांनी त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. गालांची आतली बाजू पांढरीफटक, वाळल्या कागदासारखी. डाव्या बाजूला दाढेशेजारी एक लालसर जखम.

"हे कवापासून गा?"

"दाढ लागते वं ती. येतो दाखवून."

तो दाखवायला गेला चार महिन्यांनी. आधी ओव्हरटाइम होता, मग दिवाळी, मग श्वेताच्या भावाचं लग्न. गोपिकाबाई रोज विचारायच्या. तो चिडायला लागला तेव्हा एक दिवसाआड विचारू लागल्या. मग पोरगा घरातून तणतणत जाऊ नये म्हणून त्यांनी विचारणं सोडलं. हे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दवाखान्यात तुकडा काढून तपासला. डॉक्टर तरुण होते, फार हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "खर्रा किती लागायचा?"

"सहा-सात पुड्या," सुशील म्हणाला.

गोपिकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या हिशेबी एकच होती, जेवणानंतरची.

"कधीपासून?"

"बारावीपासून."

डॉक्टरांनी रामाजींकडे वळून विचारलं, "तुम्हीपण खाता?" रामाजींनी मान हलवली. शाळेत असताना बापासाठी कोपऱ्यावरून पुडी आणायला सुशीलच जायचा, हे त्या खोलीत फक्त तिघांना ठाऊक होतं.

आजार गालातून जबड्याच्या हाडात गेला होता. ऑपरेशन झालं. डावा जबडा काढला, छातीचं मांस वर ओढून गाल शिवला. अतिदक्षता विभागात गोपिकाबाईंना पाच मिनिटं आत सोडलं. पोरगा त्यांना ओळखू आला तो पायांवरून. नाकात नळी, गळ्याला भोक, चेहरा सुजून एका बाजूला गेलेला. त्यांनी त्याच्या तळव्यांवरून हात फिरवला. दुसरीकडे कुठे हात लावावा ते त्यांना कळेना.

घरी आणल्यावर नळीतूनच सगळं. श्वेता नर्सकडून शिकून आली होती. सिरिंज लावायची, हळू सोडायचं, मागून पाणी. मग तीस दिवस विजेचे शेक, रेडिएशनचे. श्वेता तिच्या नोकरीतून रजा काढून रोज घेऊन जायची. विसाव्या शेकानंतर तोंडात फोड उठले. स्वतःची थुंकी गिळायलाही तो भिंतीचा आधार घ्यायचा. बोलणं कळायचं नाही म्हणून मोबाइलवर लिहून दाखवायचा. गोपिकाबाईंना चष्म्यावाचून दिसत नसे. चष्मा आणेपर्यंत तो हात हलवून "राहू दे" करायचा आणि भिंतीकडे तोंड वळवायचा. सारं आयुष्य ज्या बाईनं लोकांच्या जिभेचा विचार केला, तिला आता पोराच्या तोंडात घालण्याजोगी एक गोष्ट सापडत नव्हती.

याच दिवसांत एका दुपारी त्या चपला अडकवून कोपऱ्यावर गेल्या. कवडूचा पानठेला तिथे वीस वर्षांपासून आहे. कवडू ठेल्यात बसून प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तंबाखू-सुपारी घोटत होता. त्यांना पाहून त्याचा हात थांबला.

"काहून रे, लाज नाही वाटत? माहं पोरगं तिकडे..."

कवडू खाली उतरला. चाळिशीचा, काटक माणूस. "मावशी," तो म्हणाला, "मी नाही देल्ली तं तो पलीकडच्या चौकातून घेते. पण तुमचं खरं हाय. बोला तुम्ही. मारा वाटलं तं."

त्यानं ते म्हटलं तेव्हा गोपिकाबाईंच्या लक्षात आलं की त्याचे दात धड उघडतच नाहीत. शब्द फटीतून येत होते.

"तुहं तोंड किती उघडते रे?" त्यांनी विचारलं.

कवडूनं दोन बोटं उभी करून तोंडापाशी नेली. ती आत गेली नाहीत. त्यानं एक बोट खाली केलं.

भांडायला गेलेल्या गोपिकाबाई त्याला दवाखान्याचा पत्ता देऊन परत आल्या. ठेला आठ दिवस बंद होता. नवव्या दिवशी उघडला.

आणि घरातही तेच. सुशीलच्या ऑपरेशनच्या दिवशी रामाजींनी खिशातली पुडी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, गोपिकाबाईंसमोर. महिनाभर गेला असेल. एका सकाळी कपडे वाळत घालायला त्या मागे गेल्या, तर न्हाणीच्या भिंतीआड रामाजी उभे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. बायकोला पाहून ते थांबले, पण थुंकले नाहीत. "सुटत नाही वं," एवढंच म्हणाले. गोपिकाबाईंनी ओला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला आणि आत आल्या. रागवायला अंगात जोर तर हवा.

आषाढात बाबारावचा फोन आला. करवंदं तयार झाली होती. "यंदा पाठवू नको रे," गोपिकाबाई म्हणाल्या. तोवर त्यानं दोन पोती बसमध्ये टाकली होती. पोती घरी आली आणि दोन दिवस दाराआड तशीच पडून राहिली.

तोवर सुशीलची नाकातली नळी निघाली होती. पातळ पदार्थ तो थोडे थोडे तोंडानं घेऊ लागला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं पोत्यात हात घातला, मूठभर करवंदं आईपुढे धरली आणि घोगऱ्या, अर्ध्या शब्दांत विचारलं, "काहून नाही करून राहिली?"

"कोणासाठी करू?"

"पिकून राहिले न हे. कर. जशी करत होती तशी. लिंबू घालून."

त्यानं स्वतः हाताला तेल लावलं आणि भिंतीला टेकून देठ काढायला बसला. श्वेतानं पाणी ठेवलं. कित्येक महिन्यांनी त्या घरात एक सकाळ अशी गेली की कोणाला कुठे जायचं नव्हतं. सुशील एकेक करवंद बोटांत फिरवून पाहत होता, पिकलेलं बाजूला सारत होता. गालाच्या शिवणीवरून मधूनच लाळ ओघळायची. तो खांद्यावरच्या फडक्यानं पुसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. गोपिकाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून शिजणारी करवंदं ढवळत होत्या. देवाकडे काही मागावं असंही त्यांना वाटत नव्हतं. फक्त ही सकाळ लांबावी असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या भरल्या, संध्याकाळी जेली निवून बसली. इतकी सुरेख जेली त्यांच्या हातून आजवर उतरली नव्हती. तळाशी ठेवलेलं बोट वरून दिसावं अशी. आणि नेमकी यंदाच अशी उतरावी, याची त्यांना चीड आली.

सुशीलनं हात पुढे केला. चमचा मागत होता.

"नको गा. फोड आताच कुठी बसले."

"दे."

श्वेतानं सासूकडे पाहिलं. गोपिकाबाईंनी चमच्याच्या टोकावर मुगाएवढी जेली घेतली आणि त्याच्या जिभेवर ठेवली. त्या त्याच्या डोळ्यांकडे पाहत होत्या. आता मिटेल, आता पाणी येईल. त्याचे डोळे उघडेच राहिले.

"झोंबली?"

त्यानं मान हलवली. नाही.

गोपिकाबाईंचा श्वास मोकळा झाला. त्या हसल्यासुद्धा. तीन वर्षांनी पोराला जेली झोंबली नव्हती. त्यांनी वळून श्वेताला म्हटलं, "पाह्य वं, नाही झोंबली!" पण श्वेता हसत नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती.

सुशील जीभ टाळूला लावून काहीतरी शोधत होता. शोधून झाल्यावर म्हणाला, "लागूनच नाही राहिली वं आई."

"काय?"

"काहीच. गोड नाही, आंबट नाही. थंड लागली नुसती."

शेकांनी चव जाते, हे डॉक्टरांनी श्वेताला सांगितलं होतं. वर्षभरात येईल, कदाचित नाही येणार. तिनं घरी सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागली. गोपिकाबाई चमचा हातात धरून ऐकत राहिल्या.

सुशीलनंच मग चमचा त्यांच्या हातातून घेतला, बेसिनमध्ये ठेवला आणि म्हणाला, "बसली तं मस्त आहे. पाठव प्रदर्शनाले."

श्वेतानं प्रदर्शनात बाटल्या नेल्या. तिथल्या बायका म्हणाल्या, आता पहिल्यासारखी झाली. तिनं घरी येऊन ते सांगितलं. गोपिकाबाई "हो का" म्हणाल्या.

श्रावण संपता संपता सुशीलच्या मानेत उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. ती त्यालाच आंघोळ करताना लागली होती आणि आठवडाभर त्यानं कोणाला सांगितली नाही. या वेळी चिडला नाही, सांगितलं तेव्हा शांतपणे सांगितलं. त्याच हळू बोलणाऱ्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले. "पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "सलाइनमधून औषध देऊ. तीन आठवड्यांनी एकदा. आजार जितका धरून ठेवता येईल तितका ठेवू."

"म्हणजे किती?" रामाजींनी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, काका. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी सकाळी सातच्या बसनं जाणं सुरू झालं. सुशील आत पलंगावर, श्वेता त्याच्याजवळ, कारण आत एकालाच बसू देतात. रामाजी खाली औषधांच्या रांगेत. गोपिकाबाई बाहेरच्या बाकावर. तिथे बसून करायचं काहीच नसतं. भिंतीवर तंबाखूची चित्रं आहेत, ती त्या पाहत नाहीत.

परवा शेजारी एक बाई येऊन बसली. पुसदकडची, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. तिच्या पोराचं ऑपरेशन दहा दिवसांपूर्वी झालं होतं. पोरगा चोवीस वर्षांचा. नाकात नळी घालून तो समोर व्हीलचेअरवर बसला होता आणि मोबाइलवर काहीतरी लिहून आईला दाखवत होता. तिला वाचता येत नव्हतं. ती नुसती मान डोलवत होती.

"ताई," ती गोपिकाबाईंना म्हणाली, "तुमचंबी पोरगंच हाय का?"

"हो."

"नळीतून काय देत होत्या वं तुम्ही? आमच्या इकडे कोणाले समजत नाही. दुधाशिवाय काही माहीत नाही."

गोपिकाबाई तिच्याकडे वळल्या. आणि सांगू लागल्या. मुगाची डाळ आधी भाजायची, मग तिप्पट पाण्यात शिजवायची. मीठ चिमूटभर. घोटायची, मग दोनदा गाळायची, एक कण राहता कामा नये, नाहीतर नळी बसते. गाजर उकडून त्यातच. तूप घालायचं पण वितळवून. बाई एकेक शब्द ओठांनी म्हणून पाहत होती. गोपिकाबाईंनी तिला सगळं दोनदा सांगितलं. मग बाईनं पदरानं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "बरं होते न पण ताई? तुमच्या पोराले आता बरं हाय न?"

गोपिकाबाईंनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"लय गरम देऊ नको," त्या म्हणाल्या. "आधी मनगटावर टाकून पाहजा."